जुनं ते सोनं? थांबा, आधी कसोटीवर घासा!

लास वेगासमध्ये एक फेमस दुकान आहे. लोक येतात, गिटार, घड्याळ, कॅमेरा काउंटरवर ठेवतात, उसने पैसे घेऊन जातात. मुदतीत सोडवायला आलेच नाहीत, तर माल थेट शोकेसमध्ये! २००९ पासून ‘पॉन स्टार्स’ नावाच्या टीव्ही शोनं या दुकानाला जगभर पोचवलं. अमेरिकेत आणि मेक्सिकोत असल्या दुकानांत टीव्ही, लॅपटॉप, गेमिंग कन्सोल आणि मोबाईल रांगेत मांडलेले असतात, आणि निम्म्या-पाऊण भावात माल शोधणाऱ्यांची तिथं झुंबड असते.

आता फ्लाइट बदला आणि कोल्हापुरात उतरा. महाद्वार रोडवरून गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत शिरा आणि विचारा, ‘मालक, गहाण पडलेला एलईडी टीव्ही आहे का?’ मालक गोड हसतील, चहा मागवतील, पण टीव्ही काही मिळणार नाही!

का माहीत आहे? आपल्याकडं गहाण म्हटलं की सोनं. साधं गणित आहे. तिजोरीत ठेवलेल्या सोन्याचा भाव वर्षभरात बहुधा चढतो. मोबाईल मात्र शोरूमच्या पायऱ्या उतरला की त्याचा भावही उतरतो. वर्षभरानं उतरलेल्या भावाची वस्तू कोण सावकार तारण म्हणून ठेवून घेईल?

म्हणून कोल्हापूरकर जुनं इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला सेकंड हँडवाल्याकडं जातो, रिपेअरिंगच्या दुकानात जातो, नाहीतर ऑनलाइन जाहिरात बघून थेट मालकाच्या दारात उभा राहतो. बाजार वेगळा, पण नजर मात्र गुजरीतलीच पाहिजे. सराफ दागिन्याच्या चकाकीवर जात नाही. काळा दगड काढतो, घासतो, मग बोलतो. आज आपण तोच दगड मोबाईलला, टीव्हीला, फ्रीजला लावणार आहोत. चला, घासू या!

आधी थोडं गहाण-पुराण

माहीत आहे का? आज सुरू असलेली जगातली सगळ्यात जुनी बँक मूळची गहाणवटीची पेढी होती! इटलीतल्या सिएना शहरातली ‘मोंते देई पास्की’. स्थापना १४७२. गरिबांना वस्तू तारण ठेवून माफक व्याजात पैसे मिळावेत, म्हणून उघडलेली. साडेपाचशे वर्षं झाली, शटर अजून वर आहे.

आणि कोल्हापुरानं तर गहाणवटीवर अख्खा सिनेमा काढला! १९२५ चा ‘सावकारी पाश’. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा शेतकरी, आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत कोण? व्ही. शांताराम! सिनेमा मूक होता, पण बोचला असा की भारतीय वास्तववादी चित्रपटाची गोष्ट आजही याच नावापासून सुरू होते. ११ वर्षांनी, १९३६ मध्ये, बाबूरावांनी हीच कथा बोलपटातही आणली.

थांबा, खरी इलेक्ट्रि‘फाइंग’ गोष्ट पुढंच आहे. बाबूरावांचा सिनेमाचा कॅमेरा आयता विकत आणलेला नव्हता. त्यांनी आणि त्यांचे पक्के शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी जुळवला आणि १९१८ च्या सुमारास चालवून दाखवला. ‘शोरूममध्ये नाही? मग आपण बनवू’ हा कोल्हापुरी खाक्या तेव्हापासूनचा. आजही उद्यमनगरात एखादा सुटा पार्ट मिळत नसेल तर लेथवर तो घडवून देणारे कारागीर बसलेत. जुनं मशीन घेणाऱ्याला याहून मोठी वॉरंटी कुठली?

बोनस नगेट! याच दामल्यांनी, शांताराम, फत्तेलाल आणि धायबर यांच्या जोडीनं, १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. त्यांचा धंदा? सराफी! म्हणजे मराठी सिनेमाच्या सोनेरी काळाला सोन्याच्याच पेढीवरून भांडवल आलं.

आता अंगावर काटा आणणारी गोष्ट. १९५२. हेलसिंकी ऑलिंपिक तोंडावर आलेलं आणि खाशाबा जाधवांकडं जायला पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी काय केलं माहीत आहे का? स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं! ७,००० रुपये उभे केले आणि आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हातात ठेवले. खाशाबा गेले, कुस्त्या मारल्या आणि ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि जिंकलेल्या पैशांतून सरांचं घर सोडवायला हातभार लावला. गहाणवटीच्या जगभरातल्या कहाण्या एकीकडं आणि ही एकटी एकीकडं. हिच्यापुढं वेगासच्या शोचा कुठलाही एपिसोड फिका!

पदकांचा विषय निघालाच आहे, तर हे घ्या. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं कशातून बनली? जुन्या मोबाईलमधून! जपानी लोकांनी तब्बल ६२ लाख जुने फोन दिले, वर जवळपास ७९ हजार टन छोटी उपकरणं. त्यातून निघालं ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझसाठीचा धातू. चांदीचा हा आकडा वाचून आपली चांदीनगरी हुपरीसुद्धा भुवया उंचावेल.

आणि ‘सेकंड हँड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक खास डोस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकलं. त्या पदकाच्या मधोमध जो षटकोनी तुकडा आहे ना, तो १८ ग्रॅम जुनं लोखंड आहे. आयफेल टॉवरच्या दुरुस्तीत काढून ठेवलेलं! म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आलेला सगळ्यात भारी ‘सेकंड हँड’ माल चक्क पॅरिसचा आहे. विषय हार्ड!

कायद्याचा कस

ही माहिती छोटी, पण खिशाला जपणारी. महाराष्ट्रात सावकारी करायची तर सहकार खात्याचा परवाना लागतो. कायदा २०१४ चा. शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर व्याज जास्तीत जास्त वर्षाला ९ टक्के, बिगरशेतकऱ्याला १५ टक्के. विनातारण असेल तर १२ आणि १८ टक्के. वर्षाला हं, महिन्याला नव्हे! महिन्याला दहा-दहा टक्के उकळणारा जो भेटतो तो सावकार नाही, गुन्हेगार आहे. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अजून एक. गहाण ठेवलेली वस्तू मुदत संपली म्हणून गुपचूप विकता येत नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो, विकण्याआधी मालकाला वाजवी नोटीस द्यायलाच हवी. आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, अगदी शेवटच्या क्षणीही, मालक पैसे आणि खर्च भरून वस्तू सोडवू शकतो. दीडशे वर्षांचा जुना कायदा, पण अजून फुल चार्ज!

‘दामदुप्पट’ ऐकलंय? जुन्या हिंदू कायद्यातला जबरदस्त नियम. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या ब्रिटिश कोर्टांनीही तो मान्य केला होता. तरीही कागदावरचा नियम आणि गावातला व्यवहार यांत दरी पडली, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांचा भडका उडाला. त्यांचा राग कशावर होता माहीत आहे का? कर्जरोख्यांवर! त्यांनी कर्जाचे कागद हिसकावले आणि होळी केली. त्या काळातलं ‘डेटा डिलीट’च म्हणा ना.

मोबाईल: १५ अंकांची जन्मपत्रिका

आता मुख्य खेळ. राजारामपुरीत एक चकचकीत फोन तुम्हाला खुणावतोय. भाव निम्मा. दुकानदार म्हणतो, ‘पाव्हणं, डोळे झाकून न्या.’ डोळे अजिबात झाकू नका! फोन हातात घ्या आणि डायल करा: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश.

टणकन १५ आकडे उमटतील. हा आयएमईआय. पहिले ८ आकडे मॉडेल सांगतात. सगळ्यात शेवटचा आकडा मात्र गंमतशीर. तो चौकीदार आहे! एक आड एक आकड्याची दुप्पट करायची, दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे आकडे सुटे करून मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज. उत्तराला १० नं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर नंबरात खोट आहे. ही युक्ती आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, पेटंटचा अर्ज १९५४ चा. तुमच्या एटीएम कार्डाच्या नंबरातही हाच चौकीदार बसलाय. काढा कार्ड, करा बेरीज, वेळ मस्त जाईल!

पण खरी कसोटी पुढची. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘केवायएम’ लिहा, एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर टाका आणि १४४२२ वर पाठवा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ची ही सोय २०२३ मध्ये देशभर आली. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं, की फोन काउंटरवर ठेवायचा आणि नमस्कार करून बाहेर पडायचं. उत्तरात फोनचं मॉडेलही येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि मेसेज सांगतोय दुसरंच नाव? समजून जा!

‘चोरीचा असला तर काय, मी तर पैसे मोजलेत’ असं म्हणणाऱ्यांनी नीट वाचा. चोरीचा माल माहीत असून किंवा संशयाला जागा असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून बिल, बॉक्स आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. या तीन गोष्टी म्हणजे सोन्याचा हॉलमार्क. आणि फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्रही मागा. हप्ते त्याचे आणि डोकेदुखी तुमची, हा सौदा कशाला?

फोन ‘रिसेट मारून’ दिलाय म्हणता? लय भारी. पण तुमच्यासमोर सुरू करून बघा. २०१३ पासून आयफोनला आणि २०१५ पासून अँड्रॉइडला असं कुलूप आहे की रिसेट केल्यावरही फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. तो मिळाला नाही तर तुम्ही विकत घेतलाय एक महागडा आरसा.

बॅटरीचे आजोबा

तुमच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली सोनीनं, १९९१ मध्ये. तिच्या जनकांपैकी एक जॉन गुडइनफ. त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं २०१९ मध्ये. तेव्हा त्यांचं वय? ९७! नोबेल मिळवणारे आजवरचे सगळ्यात वयस्कर गृहस्थ. माणूस ९७ व्या वर्षी फॉर्मात होता, पण त्यांच्या बॅटरीला मात्र एवढा दम नाही. साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरण्याचा हिशेब कितीतरी वर्षं कंपन्या धरत आल्या.

म्हणून आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ बघा. ८० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. लॅपटॉपमध्ये तर विंडोज स्वतःच बॅटरीचा अख्खा रिपोर्ट काढून देतं: कारखान्यातून निघताना किती क्षमता होती आणि आज किती उरली. तो रिपोर्ट समोर ठेवून बोला. सराफही वजन काट्यावर दाखवतो, तोंडी सांगत नाही.

काट्यावरून आठवलं! कोल्हापुरी साज माहीत आहे ना? परंपरेनं २१ पानं: १० विष्णूच्या अवतारांची, ८ अष्टमंगलांची, माणिक-पाचूची २ आणि मधला ताईत. त्यातले पोकळ मणी लाखेनं भरलेले असतात. तारण ठेवताना त्या लाखेचं वजन वजा होतं, कारण भाव फक्त सोन्याचा. जुना लॅपटॉप घेताना अगदी हेच करा. बॅग, माऊस, स्टिकर, ‘फ्री’ कूलिंग पॅड, ही सगळी लाख. प्रोसेसर, रॅम, स्क्रीन, बॅटरी, हे सोनं. लाख वजा करा आणि मग भाव बोला!

पूर येऊन गेलाय का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत दुय्यम असेल, कोल्हापुरात पहिला. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. घरं भिजली, दुकानं भिजली, आणि त्यांच्याबरोबर फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, टीव्हीही भिजले. कितीतरी घरांनी पैशाला पैसा जोडून घेतलेल्या त्या वस्तू होत्या. त्या पुसून, वाळवून पुन्हा वापरात आणण्याची धडपड अगदी समजण्यासारखी आहे. पण पैसे मोजणाऱ्याला ते सांगायला हवं, एवढं नक्की.

कसं ओळखायचं? मशीन उलटं करा. खालच्या स्क्रूंवर गंज आहे आणि वरचे स्क्रू चकाचक? पाणी खालून चढलंय. मागच्या जाळीत, वायरच्या वळणात, मोटरच्या खाचेत बारीक वाळलेला गाळ? नदी येऊन गेली. फोनसाठी तर कंपनीनंच हेर बसवलाय! बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत एक चिमुकलं पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की लाल होतं. टॉर्च मारा, आत डोकवा. लाल दिसलं की थांबा. सिग्नलचा नियम इथंही चालतो.

फटाफट राउंड!

फ्रीज घेताय? दारावरचे स्टार मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष वाचा. स्टार रेटिंग आपल्याकडं २००६ मध्ये सुरू झालं आणि निकष वेळोवेळी कडक होत गेले. त्यामुळं जुन्या लेबलवरचे ५ स्टार आजच्या मोजपट्टीत कमी भरू शकतात. पाच तारांकित दिसणारा फ्रीज वीजबिलात तारे दाखवेल!

टीव्ही? पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग स्क्रीनभर लावा. मेलेले ठिपके लगेच उठून दिसतात. ओएलईडी असेल तर कोपऱ्यात नीट बघा. आधीच्या मालकानं एकच न्यूज चॅनल वर्षानुवर्षं लावलं असेल, तर त्या चॅनलच्या लोगोची सावली कायमची उमटलेली सापडू शकते. टीव्ही बंद, ब्रेकिंग न्यूज चालूच!

हार्ड डिस्क? तिच्या पोटात मीटर असतो, आजवर किती तास चालली ते सांगणारा. फुकटच्या सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत दिसतो. वर्षाचे तास ८,७६०. ‘फार वापरलीच नाही हो’ असं सांगितलेली डिस्क २०,००० तास दाखवत असेल, तर ती सव्वादोन वर्षं रात्रंदिवस राबलेली आहे.

अमेरिकेतल्या भावजींनी जाताना ठेवून दिलेला मिक्सर किंवा म्युझिक सिस्टीम विकायला आलीय? प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. तिकडं १२० व्होल्ट, इकडं २३०. पट्टीवर ‘१०० ते २४०’ असेल तर बिनधास्त. नुसतं ‘१२०’ असेल तर धूर! आणि जपानची गंमत तर ऐकाच. एका देशात दोन विजा! पूर्वेकडं ५० हर्ट्झ, पश्चिमेकडं ६०. कारण १८९० च्या दशकात टोकियोनं जनरेटर जर्मनीचे घेतले आणि ओसाकानं अमेरिकेचे. आजतागायत दोन्हीकडचे हर्ट्झ जुळलेले नाहीत.

जुना रेडिओ आवडतो? घ्या, मनसोक्त लावा. आपल्या आजोबांना मात्र रेडिओ ऐकायला लायसन्स काढावं लागायचं! पोस्टात जाऊन फी भरायची, वहीत नोंद करून आणायची. १९८० च्या दशकात ही भानगड संपली. जुन्या रेडिओबरोबर ती लायसन्सची छोटी वही मिळाली तर मुळीच टाकू नका, संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात.

खरेदीचा मुहूर्त? दसरा-दिवाळी आणि पाडव्यानंतरचे दिवस! शोरूमच्या एक्स्चेंज ऑफर जोरात असतात, घरोघरचे जुने टीव्ही-फ्रीज बाहेर पडतात आणि सेकंड हँडवाल्याला गोदामात जागा हवी असते. तेव्हा घासाघीस करा, ती रंगते.

जुन्या बाजाराचे जगज्जेते

जगात सगळ्यात जास्त खपलेला मोबाईल कोणता? आयफोन? चूक! नोकिया ११००. २००३ चा. टॉर्चवाला, धूळ न शिरणाऱ्या कीपॅडचा. २५ कोटींहून जास्त नग खपले. नोकियाचा शंभर कोटीवा फोनही २००५ मध्ये नायजेरियात विकला गेलेला ११०० च होता. आणि २००९ मध्ये तर कहरच! जर्मनीतल्या बोखुमच्या कारखान्यात बनलेल्या ठरावीक ११०० फोनला गुन्हेगारी टोळ्या २५,००० युरोपर्यंत मोजतायत, अशी बातमी युरोपात गाजली. बँकेचे पासवर्ड त्यावर पकडता येतात, असा त्यांचा समज होता म्हणे.

नासा सेकंड हँड घेते का? घेतलंय! २००२ मध्ये स्पेस शटलच्या बूस्टरची तपासणी करणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी इंटेलच्या ८०८६ चिप हव्या होत्या. चिप १९७८ ची, कंपनीत बनायची बंद. मग नासाची माणसं थेट ऑनलाइन लिलावाच्या साइटवर भंगारातली मशीनं धुंडाळायला लागली. अवकाशात जायचं तरी वाट जुन्या बाजारातून!

मुंबईचा लॅमिंग्टन रोड ठाऊक आहे ना, इलेक्ट्रॉनिक्सची पंढरी? नाव १९०३ ते १९०७ मध्ये गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं. पाटीवर मात्र आज ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ आहे. टोकियोचं अकिहाबारा तर महायुद्धानंतर रेडिओच्या सुट्या पार्टांच्या काळ्या बाजारातून उभं राहिलं. आणि पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. तिथं चार्जरच्या ढिगाऱ्यात हात घालणाऱ्यांची एकाग्रता बघण्यासारखी असते.

वॉकमन सापडला तर मॉडेल नंबर वाचा. १९७९ च्या पहिल्यावहिल्या सोनी वॉकमनला हेडफोनची भोकं दोन होती! दोघांनी मिळून ऐकायचं. आणि वर एक केशरी बटण. दाबलं की गाण्याचा आवाज बारीक आणि माइकमधून एकमेकांशी गप्पा. हेडफोन न काढता बोलायची सोय, तीही १९७९ मध्ये!

विकताय? मग हे आधी वाचा

सराफ दागिना मोडीत घेतो तेव्हा त्यात तुमच्या आठवणी असतात, पण तुमचा बँक नंबर नसतो. हार्ड डिस्कमध्ये असतो! एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निकाल छापला. चालू निघाल्या १२९. त्यांतल्या नीट पुसलेल्या किती? फक्त १२! बाकीच्यांत ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली होती. नुसतं ‘डिलीट’ म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं जागच्या जागीच राहतात. त्यामुळं फोन असेल तर आधी अकाउंट काढा, मग फॅक्टरी रिसेट, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर. डिस्क असेल तर पुसणारं सॉफ्टवेअर पूर्ण फिरवा, मगच ती घराबाहेर पडू दे.

आणि जे विकलंही जात नाही, दुरुस्तही होत नाही? ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ मध्ये जगानं ६ कोटी २० लाख टन ई-कचरा केला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला. उरलेल्यात शिसं आहे, पारा आहे. सोनंही आहे! खाणीतल्या टनभर खनिजापेक्षा टनभर मोबाईलमध्ये सोनं कितीतरी पट जास्त सापडतं. ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडं गेलं तर पुन्हा सोनं होईल. नाल्यात गेलं तर पंचगंगेत.

आता शेवटचा धमाका. २००७ चा पहिला आयफोन, ४ जीबीचा. तेव्हा किंमत ४९९ डॉलर. कंपनीनं दोनच महिन्यांत हे मॉडेल बंद केलं. त्यातला एक, सीलसुद्धा न फोडलेला, जुलै २०२३ च्या लिलावात गेला १ लाख ९० हजार ३७२ डॉलरला! १९७६ मध्ये ६६६ डॉलर ६६ सेंटला विकायला ठेवलेला ‘ॲपल-१’ कॉम्प्युटर २०१४ मध्ये ९ लाख ५ हजार डॉलरवर पोचला. ६६६.६६ अशी विचित्र मूळ किंमत का? कारण तो बनवणाऱ्या स्टीव्ह वॉझनियॅकला एकसारखे आकडे आवडायचे, बस्स!

तुमच्या माळ्यावर न उघडलेला एखादा बॉक्स पडलाय का? मग वाचताय काय, शिडी लावा!